मधल्या रांगेतले पक्षी

निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक घातलेल्या. सगळ्यात वरचीवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.

गवंडी भिंत बांधताना भिंतीकडे बघत नाही, ओळंब्याकडे बघतो. माझा नवरा गवंडी आहे. आमचं भांडण झालं की तो माझ्याकडे बघत नाही, दाराकडे बघतो.

जुने माग मोडले तेव्हा त्यांच्या लाकडाचं काय झालं? एकाचं दार झालं. एकाचा पलंग. बाकीच्यांवर पाणी तापलं.

शिंपिणीच्या बोटाच्या नखात खड्डा आहे. मशीनची सुई तिथून आरपार गेली होती. "तेव्हापासून मी कापडाला घाबरते," ती म्हणते. "गालिच्याला नाही. गालिचा चावत नाही."

एक पक्षी. तांबड्या अंगाचा, निळ्या शेपटीचा. चोच उजवीकडे.

"आली?"
"आली!"

आत्याबाईंचा उजवा हात म्हणजे आपला डावा. कामावर आल्या आल्या हे शिकवतात, गाठ मारायच्याही आधी.

*

आमच्या वस्तीत एके काळी घरोघरी माग होता. मग कारखान्यातले गालिचे आले, गुळगुळीत आणि एकसारखे, आणि माग एकेक करून गेले. बायका लसूण सोलायला लागल्या, पिशव्यांना बंद लावायला लागल्या, दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला लागल्या. सगळं काम बसूनच. पण मान खाली घालून.

एक माग तेवढा राहिला. तो आमच्या घरात, सुटा करून, आढ्याला बांधलेला होता. माझ्या नवऱ्याच्या आत्याचा. आत्याबाई एकदा लग्न होऊन सासरी गेल्या होत्या, वर्षाच्या आत परत आल्या. तिकडे माग नव्हता, एवढंच कारण त्या सांगतात. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा सासरा, एका थंडीत मागाचं लाकूड मागायला आला, तेव्हा त्यांनी घरातली कुऱ्हाड लपवली. ती कुऱ्हाड आजतागायत सापडलेली नाही.

त्यानंतर बायकांना काम देणारी एक संस्था आली. संस्थेने बंद पडलेल्या छापखान्याची खोली भाड्याने घेतली. फरशीच्या फटींत अजून शिशाचे टाइप अडकलेले आहेत, अनवाणी चाललं तर टोचतात. तिथे आमचा माग उभा राहिला आणि आम्ही तिघी त्याच्यासमोर फळीवर बसलो : डावीकडे माझी जाऊ, मधे शिंपीण, उजवीकडे मी. जावेला सगळे थोरली म्हणतात आणि मला धाकटी. शिंपिणीला शिंपीणच, जरी तिने मशीन केव्हाच विकलं.

संस्थेचा माणूस तरुण होता. त्याच्या शर्टाची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नसे, म्हणून तो इस्त्रीसाहेब. वाईट नव्हता. पहिली लोकर आली तेव्हा गठ्ठे त्याने स्वतःच्या पाठीवरून आणले होते, आणि त्या दिवशी घडी मोडली होती. एका मोठ्या दुकानाने आमचा पहिला गालिचा मागितला, तेही त्यानेच जमवलं. पक्ष्यांच्या तीन रांगा, सगळ्यांच्या चोची उजवीकडे.

*

नक्षी कुठे होती?

कागदावर नव्हती. आत्याबाईंच्या तोंडात होती.

आम्ही मागाच्या पुढे बसायचो, आत्याबाई मागाच्या मागे. आमच्या आणि त्यांच्या मधे उभे धागे, पावसाच्या धारांसारखे ताणलेले, आणि त्यातून त्यांचा चेहरा चिरलेला दिसायचा. आधी बाजू सांगायच्या, मग रंग.

"उजवीकडून. दोन तांबडे."
"आले!"
"एक निळा."
"आला!"
"पुन्हा तांबडा. आला का? ए मधली, तुझा आवाज नाही आला."
"धागा तुटला हो आत्याबाई."
"तोंड तुटलं का? मग सांगायचं."

तिघीही आपापल्या समोर एकेक पक्षी विणायचो, एकाच हुकुमाने. पण त्या मागून बघायच्या, म्हणून त्यांचं उजवं ते आमचं डावं. त्या 'उजवीकडून' म्हणाल्या की आमचे हात आपोआप डावीकडे जायचे. डोक्याला विचारावंच लागायचं नाही. तिघींनी 'आली' म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. कुणाला खोकला आला तर सगळा माग थांबायचा. कुणी घरून रडून आली असेल तर आवाजावरून कळायचं आणि आत्याबाई त्या ओळीत मुद्दाम सोपा रंग द्यायच्या. तसं कबूल करायच्या नाहीत. म्हणायच्या, "नक्षीतच आहे तसं."

ओळ झाली की लोखंडी पंजाने ठोकायची. विणलेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो. म्हणजे केलेलं काम आपल्या पायाशी, पण दिसत नाही.

*

पहिली रांग पुरी झाली. वर साध्या निळ्या पट्ट्याचं काम चाललं होतं. एके सकाळी आम्ही येतो तर माग भिंतीला टेकवलेला, आणि मोकळ्या जागेत निळ्या खुर्च्या.

"पाहुणे येणार आहेत," इस्त्रीसाहेब म्हणाला. "फोटो काढतील. माग मधे असला तर उभं कुठे राहायचं माणसांनी?"

आत्याबाई भिंत आणि माग यांच्यामधल्या फटीकडे बघत होत्या. तिथे मांजरही बसलं नसतं.

"आणि मी?"

"तुम्ही इकडे बसा ना, आत्याबाई. यांच्या शेजारी. सगळ्या एकत्र. फोटोत छान दिसेल."

त्या आमच्या शेजारी येऊन बसल्या. आमच्या फळीच्या टोकाला, माझ्याजवळ. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा आणि त्या दरवेळी म्हणायच्या, "सरक."

माग मग तिथेच राहिला. कारण चार माणसांनी हलवलेली वस्तू परत हलवायला पुन्हा चार माणसं लागतात, आणि पुन्हा कुणी येत नाही.

आम्ही दुसरी रांग विणली.

*

दुकानाला दाखवायला इस्त्रीसाहेबाने खालचा रूळ सैल केला. गालिचा उलगडत खाली आला. पहिली रांग वर चढलेल्या दुसऱ्या रांगेच्या खाली आली.

खालचे पक्षी उजवीकडे बघत होते.

वरचे डावीकडे.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग शिंपीण म्हणाली, "यांचं काहीतरी बिनसलंय."

"हे कसं झालं?" इस्त्रीसाहेब.

"माझ्याकडे बघू नका," थोरली म्हणाली. "मी सांगितलं तसं केलं."

"सांगितलं तसं?" आत्याबाई उसळल्या. "मी तर तुमच्या बाजूने सांगत होते!"

आम्ही तिघी त्यांच्याकडे वळलो.

"आमच्या बाजूने?" मी विचारलं. "कधीपासून?"

"इथे आणून बसवली तेव्हापासून. म्हटलं आता मी पुढे आहे, तर पोरींना उगाच उलटं करायला नको. तुमचं डावं तेच डावं सांगितलं."

"आणि आम्ही ते उलटं केलं," थोरली हळूच म्हणाली. "नेहमीसारखं."

दुसऱ्याचा विचार केल्याचं आत्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं होतं, आणि नेमका तोच विचार नडला. शिंपिणीला आधी हसू फुटलं. मग थोरलीला. मी तोंडात ओढणी कोंबली. आत्याबाई म्हणाल्या, "हसा. दात पडतील." पण त्यांच्याही नाकपुड्या हलत होत्या.

इस्त्रीसाहेब हसला नाही. त्याला वर उत्तर द्यायचं होतं. तो भिंतीपाशी फोनवर बराच वेळ बोलला आणि परत आला तेव्हा त्याचं सगळं ठरलं होतं.

"मधली रांग उसवायची. पट्ट्यापर्यंत. आणि यापुढे हा डाव्या-उजव्याचा घोळ नको. आत्याबाईंचा आवाज एकदा भरून घेतो या फोनमधे, पुढून, नीट. तुम्ही ऐकायचं आणि विणायचं. आत्याबाईंना रोज इथपर्यंत चालत यायलाही नको. वयही झालंय. घरी आराम."

ज्या बाईने आयुष्यात कुणाच्या वाक्याला 'हो' म्हटलं नव्हतं, ती त्या फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."



*

घरी.

आत्याबाई खिडकीखालच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. ताट आणलं तर, "ठेव." पाणी आणलं तर, "ठेव."

"आराम मिळाला बिचारीला," थोरलीचा नवरा म्हणाला. "आता बसून खाऊ दे."

तो चांगल्या मनाने म्हणाला. पण खाटेवरची पाठ जराशी आखडली. ते मी पाहिलं. थोरलीनेही पाहिलं.

माझा नवरा हात धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"उसवा मग," तो म्हणाला. "त्यात काय? काम त्यांचं, लोकर त्यांची."

"अहो, तुम्ही बांधलेली भिंत कुणी पाडायला सांगितली तर?"

"चुकली असेल तर पाडीन."

"भिंत चुकलेली नाही. जागा चुकलेली आहे. मालकाने ओळंबा टांगायलाच जागा ठेवली नाही आणि मग म्हणाला, तुझा ओळंबा घरी ठेव. आता?"

तो दाराकडे बघत राहिला. "मग मी ती पाडणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण मग मला पुढचं काम मिळणार नाही. हेही ऐक."

ते मी ऐकलं होतं. गालिचा गेला नाही तर दुसरा येणार नव्हता. छापखान्याला कुलूप लागलं की थोरली भांड्यांकडे, शिंपीण पिशव्यांच्या बंदांकडे, मी लसणीकडे. आणि आत्याबाई त्या भिंतीकडे. उसवलं तर आम्ही तिघी वाचणार होतो. एकट्या आत्याबाई नाही.

*

लोकरीच्या गठ्ठ्यावर फोन ठेवलेला. फोनमधून आत्याबाई :

डावीकडून. दोन तांबडे.

"आले!"

एक निळा.

"आला. अगं थांबा, माझा—"

पुन्हा तांबडा. तीन पांढरे.

"थांबा हो आत्याबाई!" थोरली फोनला ओरडली.

एक निळा. दोन

शिंपिणीने फोनवर लोकरीचा गोळा ठेवला. गोळ्याखालून आत्याबाई बोलतच राहिल्या, कुणाची वाट न बघता. जिवंत आत्याबाई इतक्या वाईट कधीच वागल्या नव्हत्या.

"आधी उसवायचं आहे," इस्त्रीसाहेब म्हणाला. ही नुसती चाचणी होती. त्याने कात्री थोरलीसमोर धरली, कारण थोरली सगळ्यांत समजूतदार.

थोरलीने कात्री घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग फळीवरून किंचित उठली, कात्री खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

"थोरले, हे काय?"

"टोचतेय," थोरली म्हणाली, "पण बसवतंय."

इस्त्रीसाहेब माझ्याकडे वळला. मी उभी राहिले.

"उसवणार नाही," मी म्हटलं. "एक गाठही नाही. त्या रांगेच्या वेळी माग भिंतीला होता. मागे बाई बसायला जागा नव्हती. ते गालिच्यात आलंय. राहू दे."

"गिऱ्हाईकाला हे काय सांगणार?"

"हेच."

"ते घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर नाही."

"असं बोलून चालत नाही गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज संस्थेचा नव्हता, एका थकलेल्या पोराचा होता. "बंद होईल सगळं. मी कुठे कुठे पाया पडलोय तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे," शिंपीण म्हणाली. "म्हणूनच सांगते, आता बाजूला व्हा. पायावर येईल."

कारण तोवर तिने मागाच्या एका बाजूला खांदा लावला होता.

*

माग हलतो कसा :

आधी हलतच नाही.

मग थोरली कात्रीवरून उठते आणि दुसऱ्या बाजूला जाते. मी मधे, दोन्ही हात खालच्या रुळाला. "हं," थोरली म्हणते. काही नाही. "हं!" लाकूड कण्हतं. भिंतीचा चुना पडतो. फरशीच्या फटीतून शिशाचा एक टाइप उडतो आणि खुर्चीवर टकदिशी आपटतो.

"आला?" थोरली.
"आला!" आम्ही.

वीतभर.

"पुन्हा. आला?"
"आला!"

निळ्या खुर्च्या मागे सरकतात, एकमेकींवर चढतात, एकीचा पाय मोडतो. इस्त्रीसाहेब धावून येतो. वाटतं, आता अडवणार. तो खुर्च्या उचलून बाहेर नेऊन ठेवतो. दोन दोन करून. शेवटची नेताना दारातून म्हणतो, "मी वर सांगू काय?"

"सांगा," थोरली धापा टाकत म्हणते, "माग चालायला लागला."

*

मी घरी गेले. आत्याबाई तशाच. पाठ.

"चला."

"मला आराम दिलाय."

"फोन चुकीचं सांगतोय."

पाठ हलली नाही. पण कान हलला, असं मी शपथेवर सांगेन.

"काय चुकीचं?"

"कुणाचं ऐकतच नाही. शिंपिणीचा धागा तुटला तरी पुढेच."

"गाढव आहे," आत्याबाई भिंतीला म्हणाल्या.

"तुमचाच आवाज आहे."

त्या उठून बसल्या. केस बांधले. वाटेत माझ्या पुढे चालत होत्या. छापखान्याच्या दारात थांबल्या. माग खोलीच्या मधोमध, जरा वाकडा. मागे मोकळी जागा. त्या सरळ तिथे गेल्या नाहीत. आधी फोनपाशी गेल्या, लोकरीचा गोळा उचलला आणि कंबरेवर हात ठेवून स्वतःचं ऐकलं.

"कोण ही बाई?" त्या म्हणाल्या. "हिला बोलायला कुणी बसवलं?"

इस्त्रीसाहेबाने फोन बंद केला.

मग त्या मागाच्या मागे जाऊन बसल्या. उभ्या धाग्यांतून चिरलेला चेहरा. मधल्या रांगेच्या पक्ष्यांकडे मागून बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, आता त्याच म्हणतील, उसवा. हट्टी बाईचा भरवसा नसतो.

"चूक तुमची आहे," त्या म्हणाल्या. "माझी नाही."

"बरं," आम्ही म्हटलं.

"उजवीकडून. दोन तांबडे."

आमचे हात डावीकडे गेले.

"आले!"

*

गालिचा पुरा झाला. खालची रांग उजवीकडे, वरची रांग उजवीकडे, आणि मधली रांग भलतीकडे, जशी लग्नाच्या फोटोत एक बाजू कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघते.

दुकानाने तो परत पाठवला.

तो इस्त्रीसाहेबाने खांद्यावरून आणला. शर्ट चुरगळलेला. गुंडाळी आमच्यासमोर ठेवली आणि उभा राहिला.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय," आत्याबाई म्हणाल्या. "अंथर."

"कुठे?"

"माझ्या बुडाखाली. फरशी गार लागते."

त्याने तो मागाच्या मागे अंथरला. तो जागेवरच आहे. त्यावरून कुणाला खुर्ची न्यायची परवानगी नाही.

त्यानंतर काही आठवडे मागावर नुसते धागे होते, आणि आम्ही तिघी लसूण, बंद आणि भांडी करून आल्यावर संध्याकाळी उघड्या मागासमोर बसायचो, आत्याबाई मागे. विणायला काही नसायचं. तरी बसायचो, म्हणजे जागा जाऊ नये. इस्त्रीसाहेबाने खोली सोडली नाही. वर काय सांगितलं, ते त्याचं त्याला माहीत. मग एका लहान दुकानाने एक लहान गालिचा मागितला. त्या दिवशी त्याने दारातून लोकरीचा गठ्ठा आत ढकलला आणि तो स्वतःच ओरडला, "आला!"

आता माणसं येतात. उभी राहतात, मागाच्या बाजूने वळसा घालून. कुणीतरी हमखास आत्याबाईंच्या खाली बघून विचारतं, मधले पक्षी असे उलटे का.

"ते भिंतीला टेकले होते," शिंपीण सांगते, आणि धागा तोडते.

ज्या पाहुण्यांसाठी माग भिंतीला लावला होता, ते आलेच नव्हते.